पुन्हा श्रीगणेशा

नाशिकपासून सुमारे २८ किलोमीटरवर, ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी त्र्यंबकेश्वर हे क्षेत्र वसले आहे. दक्षिणेची गंगा म्हणून जिचा गौरव होतो, ती गोदावरी याच डोंगरावर उगम पावते. बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक येथे आहे. संत निवृत्तिनाथांची समाधी येथे आहे. दर बारा वर्षांनी सिंहस्थात येथील कुशावर्त तीर्थावर स्नानासाठी लाखो यात्रेकरू लोटतात. अशा या प्राचीन गावात आता आणखी एक प्रवाह येऊन पोहोचला आहे. तो डोळ्यांना दिसत नाही की त्याचा खळखळाट कानी पडत नाही. केसाएवढ्या बारीक काचतंतूंमधून आणि हवेतील लहरींमधून तो अखंड वाहत असतो. त्याचे नाव इंटरनेट.

या प्रवाहावर आज कितीतरी कामे अवलंबून आहेत. दूरगावचा भाविक दर्शनाची वेळ घरबसल्या राखून ठेवतो. शेतकरी आपला सातबारा उतारा संगणकावरून काढून घेतो. तालुक्यातील आदिवासी पाड्यांवरचे विद्यार्थी शिष्यवृत्तीचे अर्ज 'महाडीबीटी' या शासकीय संकेतस्थळावर भरतात. अर्जाला अखेरची तारीख असते, आणि तारीख कोणासाठी थांबत नाही. नेमक्या अशा वेळी संगणकाच्या पडद्यावर 'इंटरनेट उपलब्ध नाही' अशी पाटी झळकली, तर काय करावे? कोणी संगणकाला थापट्या मारतो, कोणी नशिबाला दोष देतो, तर कोणी हाताला येईल ती कळ दाबत सुटतो. परंतु नाडी न पाहता औषध देणारा वैद्य आणि दोष न शोधता कळ दाबणारा मनुष्य, हे दोघेही सारखेच. उपाय करण्यापूर्वी जोडणी कशी होते हे समजून घेतले पाहिजे.

संगणकाला इंटरनेटशी जोडणाऱ्या छोट्या यंत्राला राउटर म्हणतात. एखाद्या धर्मशाळेच्या व्यवस्थापकाशी त्याची तुलना करता येईल. त्र्यंबकेश्वरी आलेला यात्रेकरू धर्मशाळेत जातो आणि राहण्यास जागा मागतो. व्यवस्थापक त्याला एक खोली देतो आणि तिचा क्रमांक सांगतो. खोली कायमची दिलेली नसते; ती मुक्कामापुरती असते. यात्रेकरू निघून गेला म्हणजे तीच खोली दुसऱ्यास मिळते. संगणकाचेही तसेच आहे. तो वाय-फायशी जोडला गेला की राउटरकडे पत्ता मागतो, आणि राउटर त्याला काही मुदतीपुरता एक अंकांचा पत्ता देतो. घरातील किंवा शाळेतील असा पत्ता पुष्कळदा १९२.१६८ या अंकांनी सुरू होतो. पत्ता मिळाला, म्हणजे कोणते उत्तर कोणाकडे पोहोचवावे हे राउटरला कळते. पत्ते अशा रीतीने आपोआप देण्याची आज रूढ असलेली पद्धत १९९३ साली निश्चित झाली. त्यापूर्वी बहुधा प्रत्येक यंत्राचा पत्ता कोणीतरी हाताने लिहीत असे, आणि एकच पत्ता चुकून दोघांना दिला गेला की दोघांचीही पंचाईत होत असे.

आता समजा, व्यवस्थापकाने उत्तरच दिले नाही. अशा वेळी यात्रेकरू ओसरीवर सतरंजी अंथरतो. ओसरीवरच्या इतरांशी त्याला बोलता येते, परंतु बाहेरून त्याच्या नावे आलेले पत्र त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. संगणकालाही राउटरकडून पत्ता मिळाला नाही, तर तो स्वतःच एक तात्पुरता पत्ता धारण करतो. तो १६९.२५४ या अंकांनी सुरू होतो. हे अंक दिसले की जाणता मनुष्य लगेच ओळखतो, की हा बिचारा अजून ओसरीवरच आहे.

पत्ता मिळाल्यावर दुसरा प्रश्न येतो तो नावांचा. आपण संकेतस्थळाचे नाव लिहितो. संगणकाला मात्र अंकच हवे असतात. नावावरून अंक कोण शोधून देतो? त्र्यंबकेश्वरचे तीर्थपुरोहित पिढ्यान्‌पिढ्यांच्या नामावलीच्या वह्या जपून ठेवतात. यात्रेकरूने आपले गाव आणि आडनाव सांगितले, की पुरोहित वही उघडून त्याच्या आजा-पणजाची नोंद काढून दाखवतात. इंटरनेटवरही नावांची अशीच एक वही आहे. फार पूर्वी ही सर्व नावे एकाच यादीत होती आणि ती यादी अमेरिकेतील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत एलिझाबेथ फाइनलर यांच्या देखरेखीखाली ठेवली जात असे. यंत्रांची संख्या वाढली, तशी एक यादी पुरेनाशी झाली. तेव्हा १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी ही वही अनेक संगणकांत वाटून ठेवण्याची योजना आखली. भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सामान्य जनतेसाठी इंटरनेट खुले केले, आणि २०१४ साली '.भारत' हे देवनागरी नावही वापरासाठी खुले झाले.

प्रत्येक वेळी वही उघडायला लावणे वेळखाऊ असते. म्हणून संगणक एकदा मिळालेले उत्तर आपल्यापाशी काही काळ टिपून ठेवतो. वाय-फायचे नाव, त्याचा पासवर्ड, पत्ता कसा घ्यावा, नावे कोणाला विचारावी, कोणत्या मार्गाने जावे, अशा अनेक गोष्टी त्याच्या टिपणवहीत असतात. या सर्व नोंदींना मिळून नेटवर्क सेटिंग्ज म्हणतात. हे टिपण संगणकाचा वेळ वाचवते. परंतु कधी कधी तेच त्याची वाट चुकवते. पुरोहितांचे बिऱ्हाड दुसऱ्या आळीत गेले आणि यात्रेकरू मात्र जुन्या टिपणावर विसंबून पहिल्याच दारावर थापा मारीत राहिला, तर दार कसे उघडणार? गाव तेच, पुरोहितही तेच. चुकले ते टिपण.

संगणकाच्या नोंदी अनेक कारणांनी बिघडतात. एका ठिकाणी हाताने लिहिलेला पत्ता दुसऱ्या ठिकाणी लागू पडत नाही. काढून टाकलेल्या एखाद्या प्रणालीने सांगितलेला आडमार्ग तसाच राहून जातो. कधी प्रणालीचे नूतनीकरण चालू असताना वीज जाते आणि नोंदी अर्धवट लिहिल्या जातात. मग बाहेर प्रवाह भरून वाहत असतो आणि संगणक मात्र कोरडा राहतो. अशा वेळी जुन्या नोंदी पुसून टाकून त्याला पहिल्यापासून सारे विचारावयास लावणे, यालाच नेटवर्क सेटिंग्ज पूर्ववत करणे किंवा रिसेट करणे असे म्हणतात. मराठीत सांगायचे तर, संगणकाने पुन्हा श्रीगणेशा करायचा!

उपाय मोठा आहे, म्हणूनच तो शेवटी करावयाचा. पाणी आले नाही म्हणून कोणी आधी विहीर खणत नाही. प्रथम नळ उघडा आहे की नाही हे पाहतो. तसेच येथेही जवळून दूर आणि लहानाकडून मोठ्याकडे जावे. पहिली परीक्षा अशी, की त्याच वाय-फायवर दुसरे यंत्र चालते का? मोबाइलवर पाहायचे असेल तर त्याचा स्वतःचा मोबाइल डेटा आधी बंद करावा, नाहीतर परीक्षा खोटी ठरेल. दुसरे यंत्रही चालत नसेल तर दोष बहुधा राउटरमध्ये किंवा बाहेरच्या तारेत आहे. संगणकाच्या नोंदी पुसून काहीच साधणार नाही. दुसरे यंत्र चालत असेल तर दोष आपल्या संगणकात आहे असे समजावे. मग वाय-फाय बंद करून पुन्हा चालू करावे. संगणकही एकदा बंद करून चालू करावा. त्याचा दिनांक आणि वेळ बरोबर आहे का, हेही पाहावे. कारण दिनांक चुकीचा असेल तर सुरक्षित संकेतस्थळे उघडण्यास नकार देतात. त्यानंतर ते एकच वाय-फाय संगणकाला विसरावयास लावून पुन्हा जोडावे. एवढे करूनही यश आले नाही, तरच सर्व नोंदी पुसाव्या.

हा क्रम पाळला म्हणजे काय घडते आणि न पाळला म्हणजे काय घडू शकते, हे एका कल्पित प्रसंगातून पाहू.

समजा, श्रावणातील एक संध्याकाळ आहे. ब्रह्मगिरीवर ढग उतरले आहेत. त्र्यंबकेश्वरच्या एका सेवा केंद्रात अकरावीत शिकणारी एक मुलगी आपल्या वडिलांबरोबर बसली आहे. वडील भातशेती करणारे. पाड्यावरून भर पावसात आलेले. शिष्यवृत्तीच्या अर्जाचा तो अखेरचा दिवस आहे. अर्ध्याहून अधिक अर्ज भरून झाला, 'जतन करा' ही कळ दाबली, आणि थोड्याच वेळात पडद्यावर पाटी आली, 'इंटरनेट उपलब्ध नाही.'

केंद्रचालक तरुण होता. त्याने आपल्या मोबाइलचा डेटा बंद केला आणि तो केंद्राच्या वाय-फायवर लावून पाहिला. पाने भराभर उघडली. म्हणजे बाहेरचा प्रवाह चालू होता. त्याने संगणक बंद करून चालू केला. दिनांक बरोबर होता. जोडणीचा तपशील पाहिला, तर पत्ता १६९.२५४ या अंकांनी सुरू होणारा! घड्याळात सात वाजून गेले होते. तरुणाचा धीर सुटत चालला.

"आता सगळ्याच सेटिंग्ज पुसून टाकतो," तो म्हणाला, "म्हणजे संगणक नव्याने सुरुवात करील."

मुलीचे वडील इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, "दादा, मला यातलं कळत नाही. पण एक विचारू का?"

"विचारा ना, बाबा."

"पावसानं ओढ दिली तर आम्हांला दुबार पेरणी करावी लागते. पण शेत मोडण्याआधी घरात बी आहे का, ते बघतो. बी नसेल आणि शेत मोडलं, तर पहिलंही गेलं आणि दुसरंही. तुम्ही सगळं पुसणार म्हणता. मग पुन्हा पेरायला बी हाताशी आहे ना?"

तरुणाचा हात थांबला. वाय-फायचा पासवर्ड त्याने कित्येक महिन्यांपूर्वी एकदाच लिहिला होता. पुढे तो संगणकालाच ठाऊक होता. अडचणीच्या वेळेसाठी ठेवलेल्या दुसऱ्या राउटरचा पासवर्डही असाच संगणकात पडून होता. नोंदी पुसल्या असत्या तर दोन्ही दारांच्या किल्ल्या एकदमच हरवल्या असत्या, आणि केंद्राचे मालक तर परगावी गेलेले!

"बरी आठवण केलीत, बाबा," तो म्हणाला. "ताई, तो कागद आणि पेन दे बरं."

त्याने संगणकातील जतन केलेले दोन्ही पासवर्ड उघडून पाहिले. मुलीने ते सुवाच्य अक्षरांत उतरवून घेतले. लहान-मोठी लिपी आणि अंक पुन्हा एकदा ताडून पाहिले. मग तरुणाने आधी लहान उपाय केला. ते एकच वाय-फाय विसरावयास लावून पुन्हा जोडले. पत्ता तोच राहिला. तेव्हा कोठे त्याने सेटिंग्जमधील 'नेटवर्क अँड इंटरनेट' हा भाग उघडला, त्यातील प्रगत सेटिंग्जमध्ये जाऊन 'नेटवर्क रिसेट' निवडले आणि 'रिसेट नाऊ' ही कळ दाबली. संगणक बंद होऊन पुन्हा चालू झाला. त्याला आता एकही वाय-फाय ओळखीचे नव्हते. कागदावरचा पासवर्ड लिहिताच त्याने राउटरकडे नव्याने पत्ता मागितला, आणि या वेळी उत्तर आले. पत्ता १९२.१६८ या अंकांनी सुरू झाला. जतन केलेला अर्ज जसाच्या तसा उघडला. उरलेले रकाने भरून मुलीने तो सादर केला, आणि पोच छापून हाती येईपर्यंत तिघांपैकी कोणीही बोलले नाही.

या प्रसंगात दोन गोष्टींनी काम राखले. एक, अर्ज वेळीच जतन केलेला होता; जतन न करता संगणक बंद केला असता, तर लिहिलेला मजकूर नाहीसा झाला असता. दुसरी, पुसण्याआधी नोंद करून ठेवली गेली. नेटवर्क रिसेट केल्याने संगणकातील चित्रे, कागदपत्रे, धडे यांना धक्का लागत नाही. जाते ते जोडणीचे ज्ञान: वाय-फायचे पासवर्ड, हाताने लिहिलेले पत्ते, आणि एखाद्या कार्यालयाशी खास जोडणी करून घेतली असल्यास तिची मांडणी. मोबाइलवर हाच उपाय केला तर वाय-फायबरोबर ब्लूटूथच्या जोडण्याही पुसल्या जातात. छायाचित्रे मात्र सुरक्षित राहतात.

येथे आणखी एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. संगणकाच्या नोंदी पुसणे वेगळे आणि राउटरच्या नोंदी पुसणे वेगळे. बहुतेक राउटरांना एक बारीक छिद्र असते. त्यात टाचणी घालून आतली कळ काही वेळ दाबून धरली, तर राउटर स्वतःच सारे विसरतो. सेवा पुरवणाऱ्या कंपनीने त्यात भरलेला तपशीलही तो विसरू शकतो; मग घरातील एकही यंत्र चालत नाही आणि कंपनीच्या माणसाची वाट पाहावी लागते. राउटर नुसता बंद करून चालू करण्यात धोका नाही; छिद्रातील कळ मात्र वडीलधाऱ्यांना विचारल्यावाचून कोणीही दाबू नये. झोपलेल्या मनुष्याला जागे करणे आणि त्याची स्मृतीच नाहीशी करणे, यांत जेवढे अंतर आहे तेवढेच या दोन क्रियांत आहे.

आपल्या पूर्वजांना ही सावधगिरी चांगली ठाऊक होती. जीर्ण झालेली पोथी पाण्यात सोडण्यापूर्वी तिची नक्कल करून ठेवीत. जुने सोडून देण्यात कमीपणा नाही. परंतु त्यातील जे पुढे लागणार आहे ते राखून ठेवणे हे शहाणपण आहे. चुकीच्या टिपणाला कवटाळून बसणारा जसा अडतो, तसाच काहीही न टिपता सारे पुसून टाकणाराही अडतो.

आणि पुन्हा आरंभ करण्याची लाज तरी का वाटावी? आज ज्याला इंटरनेट म्हणतात, त्याच्या मूळ जाळ्यावरचा पहिला संदेश २९ ऑक्टोबर १९६९ रोजी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील संगणकावरून स्टॅनफर्ड संशोधन संस्थेकडे धाडण्यात आला. चार्ली क्लाइन नावाचा विद्यार्थी 'लॉगिन' हा शब्द इंग्रजी अक्षरांत लिहीत होता. एल गेले, ओ गेले, आणि पलीकडचा संगणक बंद पडला! स्टॅनफर्डकडील माणसांनी दोष शोधला, तो दूर केला आणि सुमारे तासाभराने क्लाइनने पहिल्या अक्षरापासून पुन्हा सुरुवात केली. या वेळी संपूर्ण शब्द पोहोचला.

शब्दार्थ

पर्वणी : पुण्यकाळ. ओसरी : घराच्या पुढची उघडी पडवी. बिऱ्हाड : राहण्याची जागा, संसार. आळी : गल्ली, मोहल्ला. दुबार पेरणी : पहिले बियाणे वाया गेल्यावर पुन्हा केलेली पेरणी. सुवाच्य : सहज वाचता येईल असे. नक्कल : हुबेहूब प्रत. श्रीगणेशा करणे : आरंभ करणे.

स्वाध्याय

१. एक-दोन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) राउटरला धर्मशाळेच्या व्यवस्थापकाची उपमा का दिली आहे?
(आ) पत्ता १६९.२५४ या अंकांनी सुरू झाला तर त्यावरून काय समजावे?
(इ) मोबाइलवर परीक्षा करताना त्याचा डेटा आधी का बंद करावा?

२. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) जुने टिपण संगणकाची वाट कशी चुकवते, ते पुरोहितांच्या उदाहरणाने स्पष्ट करा.
(आ) मुलीच्या वडिलांना संगणकाची माहिती नव्हती. तरी त्यांचा प्रश्न मोलाचा का ठरला?
(इ) नेटवर्क रिसेट केल्याने काय पुसले जाते आणि काय सुरक्षित राहते?

३. संगणकाचे इंटरनेट बंद पडल्यास करावयाच्या उपायांचा योग्य क्रम लिहा. शेवटचा उपाय शेवटीच का करावा, हे सांगा.

४. वाक्यांत उपयोग करा : धीर सुटणे, पंचाईत होणे, ताडून पाहणे, श्रीगणेशा करणे.

५. वडीलधाऱ्यांच्या मदतीने घरातील किंवा शाळेतील राउटर पाहा. वाय-फायचा पासवर्ड कोठे लिहून ठेवला आहे, याची चौकशी करा. तो लिहिलेला नसल्यास सुरक्षित जागी लिहून ठेवण्यास त्यांना सुचवा.